फॉर्म नंबर सदतीस

आमच्या घरात कुणी दृष्ट काढत नाही, उंबऱ्याला लिंबू-मिरची बांधत नाही. वडील म्हणायचे, जे मोजता येत नाही त्याला घाबरू नये. मी बेचाळीस वर्षांचा आहे, गिरगावात राहतो, फोर्टमधल्या एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो आणि वडिलांचा हा नियम आजवर पाळत आलोय. तेव्हा या सदरातले अनुभव वाचून जे हसतात, त्यांच्यात मीही होतो. आता माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त आधी पूर्ण वाचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात स्टॅटिस्टिक्स खात्यात एक वरची जागा निघणार होती, पण त्यासाठी विद्यापीठाची पदविका हवी. म्हणून मी दादरच्या एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. या वयात बाकावर बसायला लाज वाटली नाही, गुडघे मात्र दुखले. ऑफिसातला रेगेही माझ्याच वर्गात होता. त्यालाही तीच जागा हवी होती.

टर्म पुरी व्हायला एक काम सक्तीचं होतं. गिरणगावातली पन्नास कुटुंबं निवडायची, घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि हिशेब मांडून गठ्ठा सबमिट करायचा. तो मंजूर झाला नाही, तर परीक्षेला बसता येत नाही.

आता खरं सांगायचं तर हे फॉर्म कुणी घरोघर जाऊन भरत नसे. आदल्या वर्षीचा एक गठ्ठा वर्गात फिरायचा. त्यातली नावं बदलायची, वयं दोन-चार वर्षं इकडेतिकडे करायची, आणि अंगठे घरातल्या माणसांचे घ्यायचे. रेगेने तर दोन्ही हातांची दहाही बोटं वापरली.

"तळपदे, तुम्ही काय उन्हात हिंडताय?" तो म्हणाला. "बाहेर हरताळ, मोर्चे, पोलीस. घरी बसा, चहा प्या, कुटुंबं आपोआप वाढतात!"

मी गेलो. चार रविवार गेलो. डिलाईल रोडला एका ओळीत तीन चाळी आहेत, प्रत्येकीत पन्नास खोल्या. तळाला दुकानं, वर दोन मजले. मी दीडशे खोल्यांना सलग आकडे दिले आणि दोनपासून सुरुवात करून दर तिसरी खोली धरली. निवडीत आली ती आली, आवडनिवड नाही. खोली बंद असली तर 'बंद' असा शेरा मारायचा, हा सरांचा नियम. तो शेरा चालायचा.

लोक आधी संशयाने बघायचे. एका मिशाळ गृहस्थांनी फॉर्म हातात घेतला आणि विचारलं, "सरकारी काय?"

"नाही, कॉलेजचा."

"मुंबई कोणाची?"

"महाराष्ट्राची," मी म्हणालो.

"मग ता पयला लिवा वरती. मगे इचारा काय इचारूचा ता!"

मी शेऱ्याच्या रकान्यात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' असं लिहिलं, तेव्हा कुठे त्यांनी मुलांची वयं सांगितली. तो शेरा अजून त्या फॉर्मवर आहे.

फॉर्म नंबर सदतीस. तिसरी चाळ, पहिला मजला, दहा नंबरची खोली. रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मी प्रत्येक फॉर्मवर वेळ टाकत होतो, म्हणून नक्की सांगतो. दार उघडं होतं. आत एक म्हातारी बाई दाराजवळच्या भिंतीला टेकून बसली होती. हिरवं लुगडं, कपाळाला काही नाही. शेजारच्या खोलीतून फोडणीचा वास येत होता. सगळं इतकं साधं होतं की लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं.

मी काम सांगितलं. ती म्हणाली, "इलास? बरा झाला. बसा."

कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं, तर हसली. "आजपर्यंत जो इलो तेना घोवाचाच नाव लिवल्यान. मगे झिलाचा. माझा नाव कोणी लिवलाच नाय. तुमी लिवा. भागीरथी गोपाळ परब." घोव म्हणजे नवरा, झील म्हणजे मुलगा, एवढी मालवणी एव्हाना मला कळत होती.

"वय?"

"बासष्ट."

"घरात माणसं किती?"

"एक. बाकी सगळी गावाक गेली. मी एकटीच आसंय."

मी 'एक' लिहिलं. निळ्या शाईच्या पॅडवर तिचा अंगठा टेकवून फॉर्मवर उमटवला. बोट पुसायला कागद देत होतो, तोवर तिने ते दाराच्या चौकटीला, आतल्या बाजूला, पुसलंसुद्धा. निघताना तिने मागून विचारलं, "माका लिवलास मां?"

"लिहिलं, आजी," मी म्हणालो आणि पुढच्या तेरा नंबरच्या खोलीकडे वळलो.

मी गठ्ठा दिला. आमचे देवस्थळी सर कडक. प्रत्येक गठ्ठ्यातला एखादा तरी फॉर्म ते स्वतः जाऊन तपासायचे. माझा गठ्ठा चाळताना त्यांची पेन्सिल सदतीसवर थांबली.

"तळपदे, हे काय? दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस? परळमध्ये? अहो, तिथे एका खोलीत तीन पाळ्यांनी झोपतात."

"ती एकच म्हणाली, सर."

"बघू या."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. दहा नंबरला कुलूप होतं. गंजलेलं. शेजारच्या खोलीतले सावंत म्हणून गृहस्थ गॅलरीत दाढी करत होते. त्यांना विचारलं.

"परबांची खोली? वर्ष झाला बंद आसा. म्हातारी गेली, मगे झील बायकापोरांक घेवन गावाक गेलो. चावी माझ्याकडे."

"म्हातारीचं नाव?" सरांनी विचारलं.

"भागीरथी. चांगली बाय. ह्याच खोलयेत गेली. बासष्ट वर्षांची व्हती."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं — शेजाऱ्याला विचारून घरी बसून भरलाय फॉर्म. मला इतका संताप आला की भीती वाटायचं राहूनच गेलं.

"सावंत, कुलूप काढता?" मी म्हणालो.

गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी कुलूप काढलं. चावी दोनदा अडकली. आत धूळ, एक ट्रंक, कोपऱ्यात उपडा हंडा. धुळीत एकही पाऊल नव्हतं, म्हणजे माझंही नव्हतं. मी तर त्या भुईवर दहा मिनिटं बसलो होतो. मी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. आतल्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, निळ्या शाईचा फराटा होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सावंतांच्या गालावरचा साबण वाळून गेला.

खाली रस्त्यावर आल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "हे बघा तळपदे, तुम्ही लबाडी केलेली नाही, माझी खात्री आहे. सदतीसवर 'बंद' असा शेरा मारा. खोली बंदच आहे. नियमात बसतं. मी आजच्या आज सही करतो."

"आज बंद आहे, सर. त्या रविवारी अकरा दहाला उघडी होती."

"अहो, मी विद्यापीठाला काय लिहून देऊ? मेलेल्या बाईने माहिती दिली?"

"तुम्ही काही लिहू नका. मी जे बघितलं ते मी लिहिलंय. खोडलं तर पन्नासातला तेवढा एकच फॉर्म खोटा होईल, आणि तो मी केलेला असेल."

"जागा जाईल तुमची."

"जाऊ दे."

त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "हट्टी आहात." मी म्हटलं, हो.

गठ्ठा नामंजूर होऊन परत आला. टर्म गेली. रेगेच्या गठ्ठ्यातला एक फॉर्म सरांनी तपासला, तो नेमका त्याच्या सख्ख्या मामाच्या खोलीचा निघाला. रेगे पास झाला आणि वरच्या जागेवर बसला. पेढे वाटताना माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, "तळपदे, माझी एक सोडून एकोणपन्नास कुटुंबं भुतं आहेत हो, त्यांना कुणी हात लावला नाही. तुमचं एकच, आणि तुम्ही नापास!"

पेढा मी घेतला नाही.

मी भाबडा नाही. सगळ्या शक्यता तपासल्या. खोली चुकली असेल? सात नंबरच्या खोलीचा फॉर्म त्याआधी आणि तेराचा त्यानंतर भरलेला आहे, वेळा सलग आहेत. दुसरी कुणी बाई आत बसली असेल? मग धुळीत पाऊल का नाही? सावंत खोटं बोलले असतील? कशासाठी? त्यांनी नंतर परबांच्या मुलाला गावी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की आईच्या जुन्या कागदावरचा अंगठा पाठवतो. तो आला. मी भिंग घेऊन तीन संध्याकाळी दोन्ही अंगठ्यांच्या रेषा मोजल्या. मी जाणकार नाही, म्हणून दोन्ही एकच आहेत असं छातीठोक सांगणार नाही. पण मला एकही फरक सापडला नाही.

सौ. म्हणते, तो सदतीस नंबरचा फॉर्म चौपाटीला नेऊन समुद्रात सोडा, घरात नको. मी सांगितलं, घरात राहील. यंदा मी पुन्हा फी भरली आहे, पुन्हा पन्नास फॉर्म भरतो आहे, वरळीला, चालत. सर भेटले की नमस्कार करतात, डोळ्याला डोळा भिडवत नाहीत.

घडलं ते काय होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पण 'भास झाला असेल' असं कळवू नका. भास अंगठा देत नाही.

एक हिशेब मात्र पक्का आहे. बाकीच्या एकोणपन्नास कुटुंबांत माणसं तीनशे त्रेचाळीस, सरासरी बरोबर सात. दिसायला किती छान आकडा! तिला धरलं की तीनशे चव्वेचाळीस, सरासरी सहा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी शतांश. माझ्या वहीत सहा पूर्णांक अठ्ठ्याऐंशीच आहे. तिने विचारलं होतं, मला लिहिलंत ना? मी हो म्हणालो होतो.