'नाही' न म्हणणारे एलचीसाहेब

चहात साखर हवी का, एवढं विचारलं तरी एलचीसाहेबांकडून सरळ उत्तर मिळत नसे. "तुमच्याकडं कशी पद्धत आहे?" असं उलट विचारत आणि गोडमिट्ट चहा तोंड वाकडं न करता पीत. साहेब मूळचे लोहाऱ्याचे, परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर. आमची जुनी माणसं वकिलातीतल्या माणसाला एलची म्हणत, तेच नाव त्यांना चिकटलं. दिल्लीला बदली झाल्यापासून दर हिवाळ्यात रजेवर येत, तुळजापूरला देवीचं दर्शन घेत आणि आमच्या तेर गावी बहिणीकडं चार दिवस राहत. त्यातला एक दिवस ठरलेला. शाळेच्या ओसरीवर आसपासचे सरपंच आणि पंच जमायचे आणि साहेब त्यांना आंतरराष्ट्रीय सहकार्य समजावून सांगायचे. मी शाळेत मास्तर, त्यामुळं सतरंज्या, हार आणि आभार माझ्याकडं.

भाषण मोठं रसाळ. "देश म्हणजे शेजारी. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं ऐकून घेतलं की निम्मं भांडण मिटतं." ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा गाडीवाटेवरून भांडणारे दोन पाटील त्यांच्यापुढं आले. साहेबांनी तासभर दोघांचं ऐकलं, दोघांच्याही खांद्यावर हात ठेवला. साहेब आपल्याच बाजूचे, अशी दोघांचीही खात्री पटली आणि दुसऱ्या दिवशी दोघंही काठ्या घेऊन वाटेवर हजर! डोकी फुटली. लोक अडाणी, असं मी तेव्हा म्हणालो. साहेबांवर आमचा जीव होता ना! आपल्या मातीतला माणूस जगाच्या पंचायतीत बसतो, याचीच आम्हाला केवढी ऐट.

पहिल्या वर्षी भाषण संपल्यावर कासिमचाचा उठले. चाचा कापड रंगवणारे, जमातीचे पंच. निजामी राज्याच्या विलीनीकरणाच्या धामधुमीत त्यांचा थोरला मुलगा युसूफ कराचीला गेला आणि तिकडंच अडकला. धाकट्या मुलीचं, जरीनाचं लग्न ठरलं होतं, त्या लग्नाला भावाला येऊ द्यावं, एवढंच मागणं. अर्ज मीच लिहिला होता. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "चाचा, मी जातीनं लक्ष घालतो."

आमच्याकडं मोठ्या माणसानं पंचांसमोर असं म्हटलं की ती जबान झाली. चाचांनी घरी सांगितलं, युसूफ येतोय. चाचीनं लग्न पुढं ढकललं.

दुसऱ्या वर्षी साहेब म्हणाले, "प्रकरण विचाराधीन आहे. दोन्हीकडं सद्भावना आहे." मला जेवढं कळलं तेवढं मी चाचीला सांगितलं. सद्भावना आहे म्हणजे येणारच, असं तिनं धरलं. नवऱ्यामुलाकडचे निरोप पाठवून कंटाळले.

तिसऱ्या वर्षी भाषणाआधी मी साहेबांना एकटं गाठलं आणि होणार की नाही ते विचारलं.

"खरं सांगायचं तर नाही," साहेब रुमालानं चष्मा पुसत म्हणाले. "नकार मागच्याच साली आला. पण मास्तर, असं तोंडावर सांगायचं नसतं. माणूस दुखावतो."

त्या क्षणी ते माझ्या मनातून साफ उतरले.

भाषण झालं. चाचा उठले. या खेपेला हातात अर्ज नव्हता.

"साहेब, होत नसंल तर न्हाय म्हना. तुमचं न्हाय घेऊन म्या घरी जातो. पोरगी बसून हाय."

साहेब खुर्चीवरून उठले, चाचांना छातीशी धरलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, "चाचा, आशा सोडू नका!"

पंचांनी टाळ्या वाजवल्या. अहो, टाळ्या! दोन अक्षरांचा शब्द ज्याच्या तोंडून निघत नाही, तो माणूस देशादेशांचे तंटे सोडवायला निघाला होता. आभार मानायला मी थांबलोच नाही. चाचांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो.

चाची अंगणात ज्वारी पाखडत होती. उभ्या उभ्याच मी सांगून टाकलं, "चाची, नकार आलाय. युसूफ येणार नाही."

आता ती हंबरडा फोडणार, असं मला वाटलं. तिनं सुपातली ज्वारी पाखडून पुरी केली. मग सूप बाजूला ठेवून चाचांना म्हणाली, "जरीनाच्या सासरी निरोप धाडा. थांबले असतील तर बघा."

पदरानं तोंड पुसून ती माझ्याकडं वळली.

"एवढं सांगायला दोन सालं लागली व्हय, मास्तर?"