तारांखालचा घोंगडीचा तुकडा

बेस गिटार वाजवणाऱ्याकडं आमच्या भागात कुणी बघत नाही. गाणाऱ्याला शाल मिळते, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात. बेसवाल्याला निवेदक "आणि गिटारवर..." असं म्हणत उरकून टाकतो. एकदा कलबुर्गीच्या लग्नात नवरीच्या बापानं माझ्या वाद्याकडं निरखून पाहिलं आणि कळवळून विचारलं, "दोन तारा कमी हैत की हो. तुटल्या व्हय?" चारच असतात म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या लग्नाला तरी पुऱ्या लावून यायचं होतं."

मी बिदरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि सुट्टीच्या दिवशी बेस वाजवतो. दोन्ही कामांत गप्प राहणारा माणूस लागतो.

बेस विकत घेण्याबद्दल माझं मत थोडक्यात सांगता येतं. वायर न लावता वाजवून बघावा. वाद्याचा वरचा शिंगासारखा भाग कानाजवळ घ्यावा, एक तार छेडावी आणि लाकूड काय म्हणतंय ते ऐकावं. आवाज वाढवणारं मशीन लावलं की सगळेच बेस गुरगुरतात. हैदराबादच्या एका दुकानात विक्रेत्यानं मला लाकूड कोणत्या देशातल्या कोणत्या झाडाचं, ते झाड डोंगरावरचं की पाणथळातलं, इथपर्यंत सांगितलं. एवढी वंशावळ मी फक्त सोयरीक जमवतानाच ऐकली होती. तिथून मी तारांचं एक पाकीट घेऊन परतलो.

माझा बेस भालकीचा. तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या मास्तरांचा. मास्तर वीसेक वर्षं कन्नड शिवभक्तांच्या वचनांच्या कार्यक्रमांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मी त्यांना दोन-तीनदाच ऐकलं असेल आणि तेही लक्ष न देता, कारण ते दुसऱ्या ऑर्केस्ट्रा-पार्टीत होते. ते गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या घरून निरोप आला, की बेस द्यायचा आहे.

मास्तरांच्या पत्नी माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी मला अण्णा म्हटलं, मी त्यांना अक्का. भिंतीला टेकवलेला बेस त्यांनी पदरानं पुसला.

"त्यास्नी बसवून माती दिली," त्या म्हणाल्या. लिंगायतांत तशीच रीत आहे, माणसाला आडवं करत नाहीत. "कुणीतरी म्हणालं, हे बी मांडीवर द्या. मी न्हाई म्हणले. आत कोण ऐकायचंय?"

मी बेस कानाशी घेऊन तार छेडली. आवाज जाड, बुटका, लगेच विझणारा. जुन्या तारांचा असतो तसा.

"जेवायला हाक मारले की तोंडानं उत्तर न्हाई," त्या सांगत होत्या. "एक जाडी तार वाजवायचे, ढम्म. तेच उत्तर. मी म्हणायचे, तोंडाला काय झालंय?" आणि मग, "वर्षाच्या कार्यक्रमाला हे आणून वाजवा, अण्णा. मला परत एकदा ऐकायचंय. तेवढं करा."

मी हो म्हणालो. तो शब्द मला फार सोपा वाटला होता.

आता बेसमध्ये फेरफार करण्याबद्दलचं मत. ते त्या वर्षानंतर बदललं, म्हणून आधीचं सांगतो. जुनं वाद्य घेतलं की आधी धुऊन काढावं, तारा बदलाव्यात, तारांखालचा, आवाज टिपणारा पिकअप जुना असेल तर नवा बसवावा, असं मी मानत होतो. मला सोडलं तर बहुतेक बेसवाले आजही असंच मानतात. बिदरमध्ये या कामाला मिक्सर-ग्राइंडर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी बेस टेबलावर आडवा घातला, तारा सैल केल्या आणि घोडीजवळून, म्हणजे तारा जिथं टेकतात तिथून, चिमट्यानं एक काळपट, मळकट गठ्ठा ओढून काढला. घोंगडीचा तुकडा होता, घडी घातलेला.

"साब, इसकू ठंड लगती थी क्या?"

आम्ही दोघंही हसलो. तुकडा टेबलाखालच्या डब्यात गेला. त्याच्याबरोबर जुना पिकअप आणि मास्तरांच्या चारही तारा गेल्या.

नवा आवाज स्वच्छ होता. प्रत्येक सूर धुतलेल्या ताटासारखा. पहिल्याच कार्यक्रमात माझा अंगठा घसरला. जुन्या पिकअपवर मास्तरांनी वर्षानुवर्षं अंगठा टेकवून एक खळगा पाडला होता. मी तो पंधराच दिवस वापरला असेल. पण अंगठा तिथंच जायचा आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून निसटायचा. दांडीवरच्या फ्रेटपट्ट्या मी तशाच ठेवल्या होत्या. तिसऱ्या आणि पाचव्या पट्टीत खोल खाचा होत्या, बाकीच्या जवळपास कोऱ्या. म्हणजे माणूस फार कमी सुरांत राहिला होता. मी गाण्याच्या नादात नसलो, मंडपाकडं नाहीतर घड्याळाकडं बघत असलो, की बोटं आपोआप त्या खाचांत जाऊन बसायची. षड्ज, मग एक मात्रा शांत, मग पंचम. हे मी कधी शिकलो नव्हतो. ही चाल माझी नव्हती. कीबोर्डवाला एकदा म्हणाला, "आजकाल लई जुनं वाजवायलास. कामून?" मी म्हणालो, वय झालं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ग्रंथालयात मी रोज मेलेल्या माणसांच्या हाताखाली काम करतो आणि कोणतं पुस्तक कोणत्या पानावर आपसूक उघडतं हे मला ठाऊक आहे.

वर्षाचा कार्यक्रम भालकीच्या एका मंगल कार्यालयात झाला. दारावरच्या फ्लेक्सवर मास्तर कोपऱ्यात होते, पोस्टाच्या तिकिटाएवढे. उरलेली जागा जिवंत माणसांनी व्यापली होती. चार पाहुण्यांनी मास्तरांच्या साधेपणावर मिळून दीड तास भाषण केलं. मग आम्ही तीन वचनं वाजवली. अक्का पहिल्या रांगेत होत्या, मान खाली घालून, नवऱ्याचं पत्र कुणीतरी वाचून दाखवतंय अशा. साउंडवाल्यानं 'मस्त' म्हणून अंगठा उंचावला. बेस इतका स्पष्ट आला होता की मागच्या रांगेतला माणूसही सूर मोजू शकला असता.

हार-तुरे संपल्यावर अक्का माझ्याजवळ आल्या.

"चांगलं वाजवलात, अण्णा. पण हे आमचं न्हाई."

मी खोटं बोललो. "हॉलमध्ये आवाज असाच येतो, अक्का."

"हॉलमधी मी कवा गेले? मी घरातच ऐकले सारं." मग जरा थांबून, "रविवारी घरी या. ते मशीन नगं."

रविवारी सकाळी बेस मांडीवर घेऊन मी एसटीनं भालकीला गेलो. उसाच्या ट्रॅक्टरामागं गाडी रांगत होती आणि ती आणखी रांगावी असं मला वाटत होतं. त्या बाईला एक ओळखीचा आवाज आणखी एकदाच ऐकायचा होता आणि तो मी कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो होतो.

त्यांनी मला आतल्या खोलीत, मास्तरांच्या बाजेवर बसवलं. फळ्यांच्या पातळ भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. त्या तिकडं गेल्या. "हं, वाजवा."

मी वाजवलं. दोन ओळी झाल्या असतील.

"टणटणतंय," भिंतीतून आवाज आला. मग पिठाचे हात घेऊन त्या स्वतःच आल्या, वाकल्या आणि तारांखाली बघितलं. "ह्याच्यात एक तुकडा होता की. कुठाय?"

"काढून टाकला, अक्का. तारा बी बदलल्या. ते एक यंत्र बी बदललं." मी सगळं सांगितलं. "कचरा वाटला."

मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "कचराच होता तो. मीच कोंबले होते. लेकरू झोपायचं न्हाई ह्या आवाजानं. रागानं घोंगडी कापले आणि घातले आत. म्हटले, आता वाजवा. तर ह्यास्नी तेच आवडलं. लेकरू आता हैदराबादला नोकरीला हाय, तरी काढले न्हाईत."

मास्तरांचा म्हणून जो आवाज मी घालवला, तो अर्धा अक्कांचा होता. वीस वर्षं लोकांनी तो ऐकला. स्टेजवरच्या कुणालाही हे माहीत नव्हतं, आणि दीड तासाच्या भाषणात तर ते येणारच नव्हतं.

त्यांनी पेटीतून घोंगडी काढली. एका कडेला चौकोनी तुकडा आधीच कापलेला दिसत होता. त्याच्या शेजारचा दुसरा त्यांनी कात्रीनं कापला, तीन घड्या घातल्या.

"अजून आत. घोडीला चिकटून. हां."

मी पुन्हा वाजवलं. तारा नव्याच होत्या, पिकअपचा तर प्रश्नच नव्हता. पण आवाज बुटका झाला होता, सूर उठायचा आणि लगेच खाली बसायचा. मी काही ठरवलं नाही, बोटांना जिथं जायचं तिथं जाऊ दिलं. तिसरी पट्टी, पाचवी पट्टी. षड्ज, शांत, पंचम. पलीकडं अक्का भाकऱ्या थापत होत्या. ती थाप माझ्या ठेक्यात पडत होती असं लिहायला मला आवडलं असतं. पडत नव्हती. किती वेळ गेला कळलं नाही.

"बस करा आता. या जेवायला."

बेस खाली ठेवण्याआधी मी जाड तार एकदा मोकळी वाजवतो. सूर उतरला का ते बघायची जुनी सवय आहे. त्या दिवशीही वाजवली. ढम्म.

भाकरीची थाप थांबली.

मग भिंतीपलीकडून आवाज आला. जरा चिडलेला, अगदी रोजचा, माझ्याशी बोलताना त्यांनी कधी वापरला नव्हता तो. "तोंडाला काय झालंय?"

तेव्हा मला मास्तरांचं जेवायच्या हाकेचं उत्तर आठवलं. हात तारेवर तसाच राहिला. काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

"आलो, अक्का," मी म्हणालो.

पलीकडून तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मग त्यांनी ती उलटली असावी, आणि थाप पुन्हा सुरू झाली.

तो तुकडा अजून तारांखाली आहे. साउंडवाला प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो, बेस ऐकू येत नाही. मी नुसती मान डोलावतो. फक्त बेस खाली ठेवताना जाड तार आता मी वाजवत नाही. तळहातानं दाबून धरतो आणि मगच ठेवतो.