उरलेले दोन खडे

मावशींची खानावळ होती आणि उभा जन्म उरलेलं संपवण्यात गेला होता. पानात टाकणाऱ्याची तिथे धडगत नसे. त्यामुळे भाचीने जादूच्या पत्त्यांचा खेळ मांडून सांगितलं, "मंत्राची किंमत पत्त्याच्या कोपऱ्यात असते. दर खेपेला शक्तीचे पाच खडे मिळतात, उरले तर वाया," तेव्हा मावशी भडकल्याच.

"वाया? मेल्यांनी असला खेळ काढलाच कशाला?"

पहिल्याच खेपेला तीन खडे मोजून त्यांनी वादळ सोडलं आणि भाचीचा राक्षस अर्धमेला केला. उरले दोन खडे. तेवढ्यात बसणारा एकच मंत्र हातात होता, जखमा भरण्याचा. मावशींच्या बाजूला जखमी कुणीच नव्हतं. त्यांनी तो खुशाल राक्षसावरच टाकला.

"अगं मावशी, तो माझा आहे!"

"असू दे. वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगी लागलेलं बरं."

ठणठणीत झालेल्या राक्षसाने पुढच्याच खेपेला मावशींना अख्खं गिळलं. खेळ संपला. मावशींनी राक्षसाचा पत्ता उचलून भाचीच्या नाकासमोर धरला.

"बघ, एवढी मी, पण याने काही टाकलं का? नाहीतर तू!"