आईनं बरणीतलं पाणी बदललं

दुष्काळाचं साल. शिरूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकत होतो, म्हणजे फळ्यावरचा सी-अर्चिन वहीत उतरवून घेत होतो. समुद्रातला हा काटेरी गोळा. त्याची अंडी काचेसारखी आरपार दिसतात, म्हणून गर्भ कसा वाढतो ते जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावरच शिकले. आम्ही खडूच्या रेघांवर शिकलो. मी चिडून पत्रक काढलं आणि एस.टी. स्टँडवर वाटलं: 'शहराला सूक्ष्मदर्शक, खेड्याला फळा!'

सरांनी बोलावून घेतलं. "अहो पत्रकवाले, जिवंत आणून दाखवा. एक अंडं माझ्यासमोर दुभागलं, तर किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात माझा मित्र आहे, त्याला तुमच्यासाठी चिठ्ठी देतो."

ती चिठ्ठी मला हवी होती. आमच्या वस्तीतला शिकलेला पोरगा फार तर शिपाई व्हायचा. दुसरी वाट मला कुणी दाखवली नव्हती.

मुंबईला मोर्चा होता. तो संपल्यावर एका कोळिणीनं खडकातले चार सी-अर्चिन काढून दिले. लोणच्याच्या बरणीत समुद्राचं पाणी भरून पॅसेंजरनं सकाळी दौंडला घरी आलो. शिरूरच्या गाडीला वेळ होता, म्हणून जरा पडलो.

उठून बघतो तर बरणीतलं पाणी लख्ख आणि सगळे काटे लोंबलेले.

"पानी बदललं म्या," आई म्हणाली. "खारट, वास मारत हुतं. मुक्या जिवास्नी तसलं पाजतोस व्हय रं?"

टँकर एक दिवसाआड यायचा. वरच्या आळीचं भरून झालं की उरलेल्यात आमच्या बायका. त्यातलं तांब्याभर पाणी मी कधी सांडलं असतं, तर तिनं बोल लावला असता. इथं तिनं अर्धी कळशी ओतली होती.

पाण्याच्या हक्कावर सभेत घसा फोडणारा मी. तिच्यावर ओरडलो, "अडाणी! मारलंस त्यांना!"

"आगं बया! पान्यानं कुनी मरतंय व्हय?"

तरी गेलो शिरूरला. प्रयोगशाळेच्या शिपायानं बरणीत डोकावून विचारलं, "भरली वांगी का, सायेब?" सरांनी एक फोडून अंडी काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मलाही बघायला दिलं. अंडी फुगून फुटली होती. एकही शाबूत नव्हतं.

"काय केलंत?"

आईचं सांगायची लाज वाटली. "उन्हानं गेले, सर."

"मग आता उन्हाविरुद्ध पत्रक काढा."

चिठ्ठी मिळाली नाही. पुन्हा समुद्र गाठायला भाडं नव्हतं, आणि सरांनीही पुन्हा विचारलं नाही. आईला चिठ्ठीचं ठाऊकच नव्हतं, मिळाल्यावर सांगणार होतो. त्यामुळं पोरगं चार किड्यांपायी आपल्यावर ओरडलं, एवढंच तिच्या मनात राहिलं. मी ते तसंच राहू दिलं.