ऑर्गनमास्तर आणि गप्प बसलेली पोरं

ऑर्गनमास्तरांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हे खरं नव्हतं. कारण लागायचंच, फक्त ते शोधायला मास्तरांना वेळ लागत नसे. शेजाऱ्याने स्कूटर जिन्याखाली आडवी लावली की ते चिडायचे, चहा कोमट आला की चिडायचे. आणि कुणी संगीत नाटकाला 'आपला वारसा' म्हटलं की मग तळपायाची आग मस्तकात जायची. "वारसा मेलेल्या माणसाचा असतो," ते गरजायचे. "मी कालच वाजवून आलोय. मेलेला दिसतो का तुम्हाला?" समोरचा बिचारा चार शब्द गोड बोलायला आलेला असायचा, तो खजील होऊन हवापाण्यावर घसरायचा. बायको दवाखान्यात नर्स होती, आरडाओरडा तिच्या अंगवळणी पडला होता. ती आतून म्हणायची, "अहो, कौतुक केलंय त्यांनी, मयताची बातमी नाही दिली. बसा खाली."

थिएटरात रंगमंचाच्या पुढ्यात, पहिल्या रांगेच्या पायाशी एक खड्डा होता. त्यात ऑर्गन, व्हायोलिन आणि ड्रम. मास्तरांचं तोंड नटांकडे आणि पाठ प्रेक्षकांकडे, पण प्रेक्षकांतलं त्यांना सगळं कळायचं. एकदा नायकाचं गाणं सुरू होता होता मागे कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडायला घेतला. सोडतोय, सोडतोय, संपेचना. मास्तरांनी हात उचलले, मागे वळले आणि म्हणाले, "खाऊन घ्या निवांत. आम्ही थांबतो." तो माणूस पुढच्या कुठल्याच प्रयोगाला आला नाही. मास्तरांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

या थिएटरची एक जुनी रीत होती. गाणं संपलं की गाणारा जागचा हलायचा नाही आणि मास्तर शेवटचा सूर सोडायचे नाहीत. पायाने भाता मारत धरून ठेवायचे. प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' आला की त्याच सुरावरून गाणं परत उचलायचं. नाही आला, तर सूर हलकेच सोडायचा आणि नाटक पुढे न्यायचं. किती वेळ धरायचा, हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. ते मास्तरांच्या पाठीला समजायचं.

मास्तर स्वतः या रीतीचेच बळी. कॉलेजात असताना ते चार मित्रांबरोबर नाटकाची टिंगल करायला म्हणून बाल्कनीत येऊन बसले होते. म्हाताऱ्यांचं काहीतरी रडगाणं असेल, दोन शिट्ट्या मारू आणि घरी जाऊ, असा बेत. एक गाणं संपलं आणि खाली कुणी ओरडलं, म्हणून यांनीही चेष्टेत बोंब ठोकली: "वन्स मोअर!" आणि ती एवढी मोठी गायिका वर बाल्कनीकडे बघून हसली, वळली आणि पुन्हा गायली. त्या काळी घरात मास्तरांचं कुणी ऐकत नव्हतं. वडील ऐकत नव्हते, कॉलेज ऐकत नव्हतं, कुत्रंसुद्धा धाकट्या भावाचं ऐकायचं. इथे आपण ओरडलो आणि अख्खी कंपनी मागे फिरली! मास्तर दुसऱ्या दिवशी परत आले, एकटे. मग येतच राहिले, ऑर्गनही इथेच शिकले. मित्र आयुष्यात मार्गी लागले आणि हे खड्ड्यात पडले, असं त्यांचे वडील मरेपर्यंत म्हणत होते.

आता थिएटरला नवा मॅनेजर आला होता. हसतमुख माणूस, खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. मास्तरांना खांद्यावरचा हात आवडत नसे.

"मास्तर, पुढच्या तीन रांगांत नुसत्या म्हाताऱ्यांच्या काठ्या दिसतात," मॅनेजर म्हणाला. "तरुण पोरं यायला हवीत."

"मग आणा की. मी दार अडवून बसलोय का?"

"तेच सांगतोय. पोरांच्या कानाला मोठा, घोटीव आवाज लागतो. संगीत आपण रेकॉर्डिंगवर घेऊ. खड्ड्यावर फळ्या टाकू, रंगमंच पुढे येईल. दिसायलाही छान."

मास्तरांनी खांद्यावरचा हात काढून मॅनेजरच्याच खिशाशी नेऊन सोडला. "आणि आम्ही तिघं? आम्हाला फळ्यांखाली ठेवणार की आधी बाहेर काढणार?"

दोघांचं खूप वाजलं. नाटकातली नायिका, जिला सगळे 'बाई' म्हणायचे, मध्ये पडली म्हणून निभावलं. ठरलं ते असं: शाळा-कॉलेजांच्या पोरांसाठी दुपारचा एक प्रयोग लावायचा, खड्ड्यातल्या वाद्यांवर. पोरं रंगली तर खड्डा राहील. पोरं थंड राहिली तर फळ्या.

त्या दुपारी थिएटर गच्च भरलं. पडदा उघडायच्या आधीचा जो कलकलाट मास्तरांच्या पाठीवर आदळला, त्याने त्यांना एकदम बरं वाटलं. व्हायोलिनवाल्याला ते म्हणाले, "बघ आज." पडदा वर गेला आणि कलकलाट कापल्यासारखा थांबला.

पहिलं गाणं संपलं. मास्तरांनी सूर धरला. मागे काही नाही. टाळीसुद्धा नाही. त्यांनी आणखी थोडा धरला आणि सोडून दिला. दुसरं गाणं नायकाचं, हमखास दाद घेणारं. त्यालाही मागे स्मशानशांतता. तिसरं बाईंचं. बाई अशा गायल्या की ड्रमवाला वाजवता वाजवता मान हलवत राहिला. मास्तरांनी सूर धरला, पाय भरून आले, तरी धरून ठेवला. बाई हात वर करून तशाच उभ्या. मागून एक पोरगं खोकलं, एवढंच. विंगेत मॅनेजर उभा होता. त्याने मास्तरांकडे बघून दोन्ही हात पसरले, 'बघा, मी म्हणालो होतो' असे. मास्तरांचा संताप झाला. दगड आहेत मेली, ते मनात म्हणाले. यांच्यासाठी मी जीव टाकतोय.

मध्यंतर झाल्याबरोबर ते कँटीनकडे सुटले. पोरं रांगेत उभी होती, तीही गप्प. मास्तरांनी समोर दिसलेल्या पहिल्या मुलीलाच धरलं. चष्मेवाली, उंच, हातात सामोशाची बशी.

"हात आहेत ना तुम्हाला?" मास्तर गरजले. "एवढी गायली ती बाई! तुमचे हात काय घरी ठेवून आलात? आवडत नाही तर ओरडून सांगा की आवडत नाही! मेल्यासारखं काय बसायचं?"

मुलगी घाबरली नाही. चिडली. "सर, आम्हाला आवडतंय! पण दारातच बजावलंय, आवाज केला, टाळी वाजवली, जागेवर हललात तर बाहेर काढणार. आमच्या मॅडम सबंध वेळ रांगेच्या टोकाला तोंडावर बोट ठेवून उभ्या आहेत. त्या तिसऱ्या गाण्याला मी हातांवर बसले होते, अक्षरशः."

"कुणी बजावलं?"

"तुमच्याच मॅनेजरांनी. नेहमीच्या प्रेक्षकांची तक्रार होती म्हणे, पोरं गोंधळ घालतात."

 मास्तरांना आयुष्यात अनेकदा राग आला होता, पण हा निराळा होता. या रागात ओरडायलाही सुचत नव्हतं. पोरांना हाका मारमारून बोलवायचं, दारात त्यांची तोंडं शिवायची आणि मग म्हणायचं, पोरं थंड आहेत! आणि आपण मघापासून शिव्या कुणाला देत होतो? त्यांनी मुलीच्या बशीतला सामोसा उचलला, एक घास खाल्ला, भानावर येऊन परत ठेवला आणि म्हणाले, "माफ कर. हातांवरून ऊठ आता."

दुसऱ्या अंकात बाईंचं मोठं गाणं होतं. ते संपलं. मास्तरांनी सूर धरला आणि पाठीमागच्या त्या शहाण्यासुरत्या शांततेत, पाय भात्यावर चालूच ठेवून, ते कमरेतून मागे वळले. खड्ड्यातून त्यांचं फक्त डोकं दिसत असणार. त्यांनी बाल्कनीकडे बघून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली:

"वन्स मोअर!"

खड्ड्यातून अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती. बाईंचे डोळे विस्फारले. मग वर कुठेतरी एक चिरका आवाज उठला, "वन्स मोअर!" आणि त्यापाठोपाठ सगळं थिएटर फुटलं. मॅडम मंडळींची बोटं तोंडावरच राहिली. पोरं खुर्च्यांवर उभी, पाय आपटतायत, शिट्ट्या. बाईंनी गाणं परत गायलं, मग अर्धं पुन्हा.  मास्तरांना आनंद झाला होता, पण हे ते घरी कबूल करणार नव्हते.

प्रयोगानंतर मॅनेजर धावत आला. चेहरा फुलला होता. "मास्तर, जिंकलंत! पोरांना काय आवडतं ते कळलं. गाणं दोनदा आवडतं त्यांना! आपण रेकॉर्डिंगमध्ये ते दोनदाच टाकू. मागायची दगदगच नको."

"मागायची दगदग," मास्तर म्हणाले.

"म्हणजे कसं, सगळं आधीच बसवलेलं..."

"अहो, पोरं गाणं ऐकायला नाही ओरडली! आपलं कुणी ऐकतंय म्हणून ओरडली! तुमचं यंत्र कुणाचं ऐकणार?"

यंत्राने कुणाचंच ऐकलं नाही, मॅनेजरनेही नाही. ठरलेलं बाजूला ठेवून त्याने पुढच्या आठवड्यात खड्ड्यावर फळ्या ठोकल्या. व्हायोलिनवाला लग्नाच्या पार्ट्यांत वाजवायला गेला. ऑर्गन अवजड, घ्यायला कुणी तयार नाही, म्हणून तो डाव्या विंगेत भिंतीला लावून ठेवला.

नव्या रूपातल्या पहिल्या प्रयोगाला मास्तरांनी खिडकीवर तिकीट काढलं. निघताना बायकोने विचारलं, "बघायला जाताय की भांडायला?"

"बघायला."

"मग ते आवळलेले दात सोडा."

बाल्कनी पोरांनी भरलेली होती. ती चष्मेवाली मुलगी होती, मैत्रिणींना घेऊन आली होती. तिने मास्तरांना ओळखलं आणि खाली बोट दाखवलं: खड्डा कुठाय? मास्तरांनी मान फिरवली. त्यांना उत्तर द्यायची लाज वाटली.

बाईंचं गाणं संपलं. वाद्यांचा आवाज मोठा होता, घोटीव होता, मॅनेजर म्हणाला होता तस्साच. आणि कुणी तोंड उघडायच्या आत रेकॉर्डिंगने गाणं आपणहून परत सुरू केलं. बाईंना धावत सूर पकडावा लागला. पोरं आधी गोंधळली, मग हसायला लागली. दुसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा ती मुलगी उठून ओरडली, "तेच नको! मधलं कडवं! मधलं कडवं वन्स मोअर!" अख्खी बाल्कनी तिच्यामागे. यंत्राने पुढच्या प्रवेशाचं संगीत लावलं. युद्धाचं. बाई मात्र हलल्या नाहीत. हात वर, डोळे बाल्कनीकडे. त्या युद्धाच्या गदारोळात ती बाई एकटी सूर नसताना उभी आहे, हे बघून मास्तरांच्या डोक्यात सणक गेली. ते खुर्चीवर चढले आणि पोरांपेक्षा मोठ्याने ओरडू लागले. "बंद करा ते! तिला गाऊ द्या!"

दारवानाने येऊन त्यांचं कोपर धरलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मास्तर, ओरडेल त्याला बाहेर काढायचा हुकूम आहे. माझ्या पोटावर पाय आणू नका." मास्तर त्याच्यावर काय ओरडणार? ते जिना उतरून रस्त्यावर आले आणि बंद दाराकडे बघत उभे राहिले.  जन्म ज्या घरात घालवला, तिथून दंगेखोर म्हणून निघालो.

आत युद्धाचं संगीत मध्येच तुटलं. ओरडा मात्र चालूच राहिला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि मॅनेजर बाहेर आला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"मास्तर, आत चला. बाई हलत नाहीयेत. म्हणतात, मास्तर येईपर्यंत उभी राहीन. पोरंही बसत नाहीत. ऑर्गन विंगेत आहे."

"माहितीये कुठे आहे ते."

"मग चला ना."

"मागा," मास्तर म्हणाले.

"काय मागू?"

"आत पोरं मागतायत ते. मागितल्याशिवाय इथे काही मिळत नाही. पोरांना कळलं, तुम्हालाच कळलं नाही."

मॅनेजरने रस्त्यावर इकडेतिकडे बघितलं. बसथांब्यावर माणसं होती. तो खालच्या आवाजात पुटपुटला, "वन्स मोअर."

मास्तर सावकाश वळले आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. "मी असा बसतो," ते म्हणाले. "असं ऐकू यायला पाहिजे."

 मास्तरांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते या माणसाला दाखवायची त्यांची इच्छा नव्हती. मग मागून ओरडा आला, घसा फाटलेला, शरमेने अर्धा मोडलेला, पण बसथांब्यावरची सगळी माणसं वळून बघतील एवढा मोठा. मास्तरांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या बाजूने आत गेले.