खालून तिसरी पायरी

ती लाकडी जिने बनवायची. बाई आणि सुतारकाम, असं म्हणून कुणी भुवया उंचावल्या की हातातला रंधा न थांबवता ती विचारायची, "तुम्हाला जिना हवाय की सून?" जिभेला हाड नव्हतं तिच्या. पण हात असा, की दुसऱ्याने बिघडवलेला जिना दुरुस्त करायला लोक तिलाच बोलावत आणि ती काय काय ऐकवेल ते मुकाट्याने ऐकून घेत. गल्लीत तिला सगळे जिनेवाली म्हणत. घरी ती ताई होती. पाठीवर भावंड नव्हतं, तरी बाबा लहानपणापासून ताईच म्हणायचे, आणि त्या एका हाकेत सगळा कारखाना आपल्याला मिळून गेलाय अशा थाटात ती वावरायची.

कारखाना म्हणजे घरामागे पत्र्याखाली दोन लांब बाकं, भिंतीला टांगलेल्या करवती आणि कोपऱ्यात भुशाचा ढीग. बाबांच्या वडिलांनी जिने केले, त्यांच्याही वडिलांनी केले. एरवी बाबांच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागायची, पण घराण्याचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण.

या घराण्याची एक रीत होती. जिना पुरा झाला की तो चढून बघायचा नाही, उतरून बघायचा. घरच्याच माणसाने, अनवाणी, डोळे मिटून, कठड्याला हात न लावता. चढताना पाय चुका सांभाळून घेतात हो. उतरताना तसं नसतं. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय माप शिकतो आणि पुढे त्याच भरवशावर खाली पडत राहतो. एखादी पायरी करंगळीएवढी जरी वरखाली झाली तरी माणूस तोंडावर येतो. बाबा प्रत्येक जिना असे स्वतः उतरायचे. जमिनीला पाय लागला की डोळे उघडून म्हणायचे, "झाला."

बस्स, एवढंच. छान झाला नाही, तू केलास नाही. सगळं लाकूड हिने कापलेलं, सगळी मापं हिने धरलेली, आणि कौतुक म्हणून पदरात काय, तर झाला. त्या एका शब्दावर बाईने अर्धं आयुष्य काढलं. सगळे चहाला गेले की ती गुपचूप स्वतः डोळे मिटून जिना उतरून बघायची, आणि उतरताना कधी हसायचीसुद्धा. कारण एक ना एक दिवस बाबांचे गुडघे थकणार होते, आणि मग ते हिलाच म्हणणार होते, "ताई, आता तू उतर."

गुडघे थकले. आणि नेमका त्याच सुमाराला तो आला.

बाबांचं आधी एक लग्न झालं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ती पहिली बायको तान्हं मूल घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. आता ती वारली, आणि तिचा मुलगा दारात उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला, कानांजवळ पांढरा झालेला, कुरिअरची गाडी चालवणारा. बदली या गावात झाली होती. भेटून जावं म्हणून आला होता बिचारा. पण बाबांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "वरची खोली रिकामीच आहे." मग हिच्याकडे बोट करून त्याला सांगितलं, "ही माझी धाकटी."

धाकटी! सकाळी ताई होती, दुपारी धाकटी झाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. तो बॅग ठेवायला वर गेला आणि खाली उतरायला लागला. आई स्वयंपाकघरात होती. तिने आतूनच हाक दिली, "अहो, उतरताच आहात तर तेवढा डबा आणा." बाबा तर इथे पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. आई हात पुसत बाहेर आली, खुर्चीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि तिथेच थबकली. उजवा पाय जरा घासत टाकायचा आणि शेवटच्या पायरीआधी क्षणभर थांबायचं, ही बाबांची चाल. कळायला लागल्यापासून बापाला न पाहिलेला हा माणूस नेमकं तसंच उतरत होता. "बाप जसाच्या तसा उतरलाय गं याच्यात," आई म्हणाली. बाबांचे डोळे भरून आलेले हिने बघितले. तिच्यासाठी ते कधी भरले नव्हते.

झालं, तिथून बाईचं पोट दुखायला लागलं ते थांबेना. तो बाबांना दवाखान्यात नेतो म्हणाला की हिला वाटे, पुढे पुढे करतो. नाही नेलं की वाटे, आयतं बसून खातो. त्याला सागवान आणि प्लायवूड यातला फरक कळत नव्हता, ते बघून तिला बरं वाटायचं. आणि तेच बाबा हसण्यावारी न्यायचे, म्हणून परत जळफळाट. तो मुळात गरीब स्वभावाचा होता, हेच तर तिच्या डोळ्यांत जास्त सलायचं. जरा तरी वाईट असता, तर तोंडसुख तरी घेता आलं असतं. त्याला तिने कधी दादा म्हटलं नाही. "अहो" म्हणायची, दुकानदाराला म्हणावं तसं.

त्याच दिवसांत एक मोठं काम आलं. हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या, बाबांच्या गुडघ्यांवर त्यांचेच उपचार चालले होते. त्यांच्या नव्या घरात तळमजल्यापासून वरपर्यंत सलग सागवानी जिना. असं काम हिच्या हाताला पहिल्यांदाच येत होतं. तिने जीव ओतला. कठडा हाताने घासून असा गुळगुळीत केला की डॉक्टरीणबाई येता-जाता उगीच त्यावरून हात फिरवायच्या. जिना पुरा होत आला तेव्हा जेवताना तिने, अगदी सहज विचारतेय असं दाखवत, विचारलं, "बाबा, तुम्हाला तर आता जमायचं नाही. या वेळी उतरणार कोण?"

"तो उतरेल," बाबा म्हणाले.

"त्यांना काय कळतं जिन्यातलं?"

"कळायला कशाला हवं? पाय माझे आहेत त्याचे."

आणि हात? माझे हात कुणाचे आहेत? हे ती बोलली नाही. घास गिळला, पाणी प्यायली, ताट उचललं. तो बिचारा म्हणत होता, "बाबा, ताईच उतरू दे ना, माझं काय." त्याच्या तोंडून आपली बाजू ऐकताना तिला जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंकडचे रंगारी डबे खायला बाहेर गेले, तेव्हा तिने पक्कड घेतली. खालून तिसऱ्या पायरीची फळी उचकटली, खाली करंगळीच्या जाडीची पट्टी सरकवली, खिळे परत ठोकले. वरून बघून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. खालची पायरी तिने मुद्दाम निवडली होती. तिथून पडला तर गुडघा फुटेल, जीव जायचा नाही. फक्त डॉक्टरीणबाईंसमोर तोंडावर येईल, आणि बाबांना दिसेल कुणाचे पाय कुणाचे आहेत ते.

ठरल्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंशेजारी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. बाबा घरीच राहणार होते. घराच्या मागच्या बाजूला बाहेरून वर जायला लोखंडी जिना होता, तिथून तो वर जाणार होता. वर पावलं वाजली. तिने मान वर केली. त्याच्या मागे बाबा उभे होते. धापा टाकत होते, एका हाताने भिंत धरलेली.

"शेवटचा एक उतरतो म्हणाले," तो वरून ओशाळून म्हणाला. "ऐकेनात. बसत बसत आणलं."

"अहो, तुम्हाला मी काय सांगितलं होतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडं ठिसूळ झालीत तुमची. पडलात तर परत उभे राहणार नाही."

"माझ्या घरचा जिना आहे," बाबा म्हणाले. "पडेन कसा?"

त्यांनी चपला काढल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले. त्यानेही मिटले. आणि दोघं उतरायला लागले.

उजवा पाय घासत, डावा टेकत. दोघांचे पाय एकदम पडत होते. दोन माणसं उतरतायत आणि आवाज एकाचाच येतोय. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की बघवेना. आता तुम्हाला वाटेल, ती घाबरली असेल. खरं सांगायचं तर नाही. त्या पहिल्या काही पायऱ्यांवर तिला फक्त हेवा वाटला. तोंड उघडायचं होतं आणि ती नुसती बघत राहिली. जिना अर्धा सरला. बाबांचा अंगठा प्रत्येक पायरीची कड चाचपून पुढे येत होता, तो वाकडा म्हातारा अंगठा, आणि तो दिसला तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला.

"थांबा."

दोघं थांबले. त्याने डोळे उघडले. बाबांनी नाही. "मध्ये बोलायचं नसतं," ते म्हणाले.

"खालून तिसरी पायरी चुकलीय, बाबा."

"किती?"

"करंगळीएवढी."

"वर की खाली?"

"वर."

बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच अंगठ्याने पायरीची कड चाचपली. मग सावकाश म्हणाले, "तुझ्या हातून पायरी चुकत नाही. सगळे जिने उतरलोय तुझे. माझ्या चुकल्या आहेत, माझ्या बापाच्या चुकल्या आहेत. तुझी एकसुद्धा कधी चुकली नाही. म्हणजे ही तू चुकवलीस."

जन्मभर ज्या शब्दांची वाट बघितली ते आले, आणि असे आले. तिला वर बघवेना. तिने जमिनीवरच्या फरशीकडे बघितलं आणि मान हलवली, तीही त्यांना दिसत नाही हे विसरून.

"हवा दमट आहे ना," तो घाईघाईने डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "लाकूड फुगतं कधी कधी." घ्या! वाळलेलं सागवान दोन दिवसांत फुगवणारा हा. मला वाचवायलाही हाच, असं तिच्या मनात आलं आणि त्या स्थितीतही तिला त्याचा राग आला.

"वर ये," बाबा म्हणाले.

ती वर चढली. त्यांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून हिच्या खांद्यावर ठेवला. हात जड होता. "उतर."

"डोळे मिटू?"

"मग काय उघडे ठेवून उतरणार?"

ती उतरली. त्या पायरीशी आल्यावर हळूच म्हणाली, "ही उंच आहे." आणि पुढे, "आता खोल पडेल." बाबांनी सगळा भार तिच्यावर टाकला. जमीन लागली. ती डोळे मिटूनच थांबली, सवयीने, त्या एका शब्दासाठी.

"नाही झाला," बाबा म्हणाले. "उद्या पट्टी काढ. आणि उतरून बघ. मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी फळी धरायला तो आला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि फळी त्याने उलटीच धरली. "सुलट धरा," ती म्हणाली. त्याने विचारलं नाही, ते कुणासाठी केलं होतंस म्हणून. खिळे उपटले, पट्टी काढली, फळी परत बसवली. मग तिने चपला काढल्या, वर गेली, डोळे मिटले आणि उतरली. या वेळी लपूनछपून नाही. पायऱ्या पायाखाली एकसारख्या येत गेल्या, तिसरी आली आणि गेली, आणि पाय जमिनीला लागला.

खाली तो उभा होता. पाय लागला की काय म्हणायचं, ते त्याला काय ठाऊक. त्याने आपलं साधं विचारलं, "झाला?"

आवाजसुद्धा बाबांचाच होता. हे इतके दिवस तिच्या लक्षात आलं नव्हतं. कारण डोळे मिटून तिने त्याला कधी ऐकलंच नव्हतं. आवाजही यालाच मिळाला, असं मनात आलंच. ती तशीच उभी राहिली, त्याला वाटलं चक्कर आली.

"काय गं, ठीक आहेस ना?"

"परत एकदा विचार ना, दादा," ती म्हणाली. डोळे तिने अजून उघडले नव्हते.