सोजरबाईंची साक्ष

रामदास आठवडाभर लोणी काळभोरच्या एका मेडिकलमध्ये काउंटर सांभाळायचे आणि रविवारी मांजरी गावात पत्र्याच्या शेडमधल्या चर्चचे पाळक असायचे. चाळीस डोक्यांची मंडळी पाळकाला पगार देऊन देऊन काय देणार? तरी माणूस हसतमुख. दोन्हीकडे लोक दुखणीच घेऊन येतात, म्हणायचे.

त्या रविवारी मात्र हसू पार पळालं. साक्षीची वेळ होती. देवानं आपलं काय भलं केलं, ते उभं राहून सांगायचं. सोजरबाई उठल्या. "पाळकसायबांनी डोक्यावर हात ठेवला आन् माझ्या फिटा गेल्या! तवाधरनं गोळी बंद हाय."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. बाई बरेच दिवस गोळ्या न्यायला काउंटरवर फिरकल्या नव्हत्या. रामदासांना वाटलं होतं, दुसऱ्या दुकानातून नेत असतील. अरे देवा! या तर रोज कालव्यावर धुणं धुतात. तिथं फिट आली तर? लोक म्हणतील, पाय घसरला. पण डोक्यावर हात कुणी ठेवला होता?

"सोजरबाई, गोळी बंद करायची नाही. आजच्या आज डॉक्टरकडे चला." रामदास टाळ्यांच्या मधेच बोलले.

टाळ्या थांबल्या. सोजरबाईंनी विचारलं, "दुकान चालाया पायजे म्हनून म्हंता व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

उत्तर शर्टाच्या खिशातच होतं, पण ते काढायचं कसं? ब्लडप्रेशरची गोळी ते रोज मोरीत तोंड धुताना गिळायचे, अगदी चोरून. बायको तनुजा सोडली तर कुणाला पत्ता नव्हता. पाळकाचाच विश्वास कच्चा म्हटल्यावर कोण कशाला येईल इथं? आज तर गडबडीत गोळी घ्यायचीच राहिली, म्हणून स्ट्रिप खिशात टाकली होती.

त्यांनी स्ट्रिप बाहेर काढली.

"ब्लडप्रेशरची आहे. मी रोज घेतो. प्रार्थनाही रोज करतो." सगळ्यांदेखत त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली.

दोन घरची माणसं उठून चपला शोधायला लागली. रामदासांनी तिकडे बघायचं टाळलं.

सोजरबाई अजून उभ्याच होत्या. खाली मान घालून म्हणाल्या, "परवा कालव्यावर डोळ्यांम्होरं अंधारी आली हुती. बोलले न्हाई कुनाला. तुमचा हात खोटा ठरला आसता."